सगळे खोगिरावर बसेपर्यंत

सुज्ञ वाचकहो, ओझार्कच्या डोंगरांत कॉपर होलो नावाचे जे राज्य उद्यान आहे, तेथील घोडेवाल्यांच्या तळावर एका वृद्ध स्त्रीने सर्वांच्या समक्ष एक जुना रिवाज मोडला. त्या घटनेचा साद्यंत वृत्तान्त पुढे सादर करीत आहे. त्या स्त्रीस कोणी निष्ठुर म्हटले, कोणी शहाणी म्हटले. मी या दोहोंपैकी एकही शब्द वापरणार नाही. जे घडले ते घडले त्या क्रमाने मांडावे आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोपवावा, एवढेच लिहिणाऱ्याचे कर्तव्य होय, अशी माझी नम्र समजूत आहे.

लिओटा ब्रॅनम हिला तळावर गाडी लावतानाच कळून चुकले होते की या खेपेस आपल्या अंगात पूर्वीचे बळ उरलेले नाही. मागे दोन घोड्यांची, पुढल्या भागात माणसांना राहावयाची खोली असलेली, लांबलचक ट्रेलरगाडी जोडलेली, जागा ओकच्या दोन झाडांमधली अरुंद, आणि पाठीमागे उभा राहून हातवारे करणारा नवरा. हार्लनचा उजवा हात ‘ये’ म्हणत होता आणि डावा ‘थांब’ म्हणत होता. घोडेवाल्यांच्या तळावर कोणी गाडी मागे घेत असेल तर इतरांनी तिकडे पाहावयाचे नाही, आपापल्या चुलीवरचे काहीतरी ढवळीत राहावयाचे, असा संकेत आहे. त्या संध्याकाळी आजूबाजूच्या सर्व चुलींवर बराच वेळ बरेच काही ढवळले गेले. अखेर गाडी कशीबशी वाकडी उभी राहिली, आणि लिओटाने ती तशीच राहू दिली.

गाडी चालविणे हे पूर्वी हार्लनचे काम होते. दोन झाडांमध्ये उंच दोर ताणणे, त्याला घोडे बांधणे, पाणी आणणे, लीद उचलणे, हीदेखील त्याचीच कामे होती, आणि लिओटा स्वयंपाक करून गाणी म्हणत असे. परंतु मागील वसंतात हार्लनच्या काळजाचे ठोके बिघडले. डॉक्टरीणबाईंनी त्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि नवराबायको दोघांना समोर बसवून बजावले की, सुरीने बोट कापले तर फार घाबरू नका, पण घोड्यावरून पडून डोक्याला मार लागला तर माझ्याकडे आणण्यात अर्थ नाही, रस्त्यातच सगळे आटोपलेले असेल. हार्लनने मान हलविली. शरदात तळावर जाऊ, पण मी शेकोटीजवळ खुर्ची टाकून बसेन, घोड्यांना खरारा करीन, निघणाऱ्यांना हात हलवीन, असे त्याने वचन दिले. त्या वचनावर भिस्त ठेवून लिओटाने दोन्ही घोडे गाडीत चढविले. मॉड ही तिची घोडी सोबतीवाचून प्रवास करीत नसे, म्हणून हार्लनचा सॉरघम बरोबर घेणे भागच होते. सॉरघम असे त्या भागात काकवीला म्हणतात, आणि घोड्याचा रंग तंतोतंत तसाच होता.

घोड्यांची पांघरुणे काढावयास ती ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात शिरली, तेव्हा पांघरुणांच्या खाली तिला हार्लनचे खोगीर सापडले. ते जुने, अवजड खोगीर एकट्याने उचलणे हार्लनला आता शक्य नव्हते. पुढे कळले की लिओटा बाजारात गेली असताना त्याने टपालवाल्याला गळ घालून ते आत ठेवून घेतले होते. त्या वेळी तिने एवढेच केले की पांघरूण पुन्हा त्यावर ओढून घेतले. भांडायला बळ लागते, आणि तिला अजून पाण्याच्या बादल्या आणायच्या होत्या.

रात्रीचे जेवण तळावर सगळ्यांचे मिळून असते. प्रत्येकाने आपापल्या चुलीवरून एकेक पदार्थ आणावयाचा आणि लांब लाकडी मेजावर मांडावयाचा. लिओटाने डुकराचे मांस घातलेला घेवडा आणला. बिडाच्या जाड भांड्यात निखाऱ्यांवर भाजलेली पीच फळांची गोड भाकर जोनेल प्रुइटने आणली. ही जोनेल विधवा होती, घोड्याऐवजी खेचरावर बसत असे, आणि तिचा आवाज तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज पोहोचे. मेजाच्या मानाच्या टोकाला रॉइस टॅकेट बसला होता. हा उंच, हाडकुळा मनुष्य आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढून आता निवृत्त झालेला होता, आणि शनिवारच्या मोठ्या फेरीत सर्वांच्या पुढे घोडा हाकण्याचा मान त्याचा असे.

सर्वांची पाने भरल्यावर हार्लनने घसा साफ केला आणि शनिवारी झऱ्यापर्यंतच्या फेरीला आपणही येणार असल्याचे जाहीर केले.

क्षणभर मेजावर फक्त चमचे वाजले. गोळ्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तो तळ लहान होता, आणि लहान तळावर कोणाच्या पोटात काय आहे हेसुद्धा लपत नाही.

“तू येणार?” जोनेल म्हणाली. “मग माझ्या खेचराला वाईट वाटेल हो. आजवर या तळावर त्याच्याइतकं हट्टी दुसरं कोणी नव्हतं.”

सगळे हसले. हार्लनही हसला आणि त्याच्या गालांवर रंग आला. कोणी म्हणाले, तुझी तब्येत तर मागच्या वर्षीपेक्षा छान दिसते. दुसऱ्याने दुजोरा दिला. लिओटाने ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्यांतील एकही माणूस खोटारडा नव्हता, आणि त्यांतील एकही माणूस खरे बोलत नव्हता.

या ठिकाणी तळावरचा एक रिवाज सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावरच उभी आहे. फेरीला निघताना शेवटचा स्वार खोगिरावर नीट बसेपर्यंत पहिल्याने पाऊल उचलावयाचे नाही, असा तो रिवाज. यात केवळ सभ्यता नाही. घोडा कळपाचे जनावर आहे. सोबतीचे घोडे निघालेले पाहिले की मागे राहिलेला घोडा थयथयाट करतो, आणि त्या वेळी त्याच्या धन्याचा एक पाय रिकिबीत आणि एक जमिनीवर असेल तर तो फरफटत जातो. म्हणून सगळे थांबतात. लहान मूल असो, लठ्ठ पाहुणा असो, कोणी कितीही वेळ लावो, सगळे थांबतात आणि थांबल्याबद्दल कोणी ब्र काढीत नाही. हा रिवाज तिथल्या लोकांना प्रार्थनेइतका प्रिय आहे.

शुक्रवारी सकाळी लिओटा नळावर बादल्या भरीत असता रॉइस तेथे आला. त्याने न विचारता तिची एक बादली उचलली. तेव्हा तिने मनातले बोलून दाखविले.

“रॉइस, तू त्याला नाही म्हण.”

“मी?”

“तू पुढे असतोस. तू म्हणालास, यंदा नको, तर तो ऐकेल.”

रॉइस बादलीतल्या पाण्याकडे पाहत राहिला. “लिओटा, मला घोड्यावर बसायला शिकवलं कोणी? हार्लनने. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा, तू खाली बस?”

“मग कोणी सांगायचं?”

“तू सांग की.”

“मी वसंतापासून सांगतेय. बायकोचं सांगणं म्हणजे ट्रेलरच्या पत्र्यावर पडणारी ओकची फळं. पहिल्या दिवशी दचकायला होतं. मग त्याच आवाजात झोप लागते.”

रॉइस हसला नाही. माणसाला आपले आपल्यालाच आतून कळते, आणि कळले की तो आपणहून थांबतो, अशा अर्थाचे तो काहीसे बोलला. लिओटाने त्याला सांगितले की हार्लनला आतून फक्त भूक कळते. मग ती बादल्या घेऊन चालू लागली. रॉइसने एक बादली घोड्यांपर्यंत आणून दिली, आणि तो अपराध्यासारखा निघून गेला.

त्या दिवसभरात तिच्या मनात नाना युक्त्या येऊन गेल्या. लगाम लपवावा, घोड्याचा पाय दुखावला आहे असे सांगावे, स्वतःच आजारी पडावे. शेवटच्या युक्तीत फारसे खोटेही नव्हते. तिची कंबर ठणकत होती, हातांची बोटे मिटत नव्हती, आणि उभ्या उभ्या डोळे मिटले तर झोप लागेल अशी तिची अवस्था होती. पण लपवाछपवीने एक शनिवार टळेल, रविवार टळणार नाही, हेही तिला दिसत होते. आणि समजा तोही टळला, तर घरी गेल्यावर मागच्या कुरणात, कोणी जवळ नसताना, तो चढावयाचा प्रयत्न करील. तिची खरी धास्ती ती होती.

जेवणाआधी ती लीद टाकावयास निघाली, तेव्हा घोड्यावर चढण्याच्या ओट्याजवळ तिला रॉइस आणि जोनेल दिसले. रॉइसच्या हातात फावडे होते. ओट्याला लागून, जेथे घोडा उभा करतात, तेथली जमीन त्याने खणून चांगली हातभर खोल केली होती. जोनेल ओट्यावर एक जाड फळी ठोकीत होती. घोडा खाली, माणूस वर, म्हणजे चढावयास तेवढेच सोपे. लिओटाला पाहून दोघेही ओशाळली.

“अगं, तेवढाच आधार,” जोनेल हळू आवाजात म्हणाली, आणि जोनेलचा हळू आवाज लिओटाने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

लिओटाने आभार मानले. दुसरे काय करणार? दोघे घामाघूम झाली होती, प्रेमाने झाली होती. परंतु परत येताना तिच्या ध्यानात आले की त्याला वर चढविण्यासाठी सगळा तळ राबत आहे, आणि चढल्यावर तो वर टिकणार कसा, याचा विचार एकट्या तिच्यावाचून कोणीही केलेला नाही.

जेवताना तिने शेवटचे विचारून पाहिले. त्या रात्री मोठ्या मेजावर न जाता दोघे ट्रेलरमधल्या छोट्या मेजावर समोरासमोर बसली होती.

“हार्लन, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

“डॉक्टरीणबाई कधी घोड्यावर बसल्यात का?”

“त्यांनी घोड्यावरनं पडलेले बघितलेत.”

हार्लनने मक्याच्या भाकरीचा तुकडा घेवड्यात बुडविला आणि तोंडात न घालता तसाच धरला. “तुम्ही सगळे गेल्यावर तळ कसा दिसतो, तू बघितलायस कधी? नाही बघितलायस. तू नेहमी आमच्याबरोबर असतेस. मागच्या वर्षी माझं पोट बिघडलं होतं, एक दिवस मी राहिलो. रिकाम्या दोऱ्या लोंबतायत, खाली लीद, आणि कोणाची तरी खुर्ची वाऱ्याने पडलीय. मला वाटलं, मी मेलोय आणि मला कोणी सांगितलं नाही.”

तिने आपला हात त्याच्या मनगटावर ठेवला. तेथे गोळ्यांमुळे जरा कुठे आपटले तरी उठणारे जांभळे डाग होते. मग तिने भांडी गोळा केली.

शनिवारी पहाटे दरीत धुके भरले होते. लिओटाने दोन्ही घोड्यांना तोबरे चढविले, खरारा केला, आणि मग दोन्ही खोगिरे चढविली, कारण हार्लनचे खांदे आता तेवढे वर जात नसत. सॉरघमच्या पाठीवर ते अवजड खोगीर टाकताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. ज्या गोष्टीला आपण इतके दिवस विरोध केला, तिची तयारी आपल्याच हातांनी होत आहे, हे पाहून तिला हसूही आले नाही आणि रडूही आले नाही. तंग मात्र तिने गुडघा टेकवून, सर्व जोर लावून आवळला. जायचेच असेल तर निदान खोगीर तरी फिरावयास नको.

पंधरासोळा स्वार ओट्याभोवती जमले. एकेक जण चढून बाजूला होत गेला. लिओटाही नव्या फळीवर पाय देऊन मॉडवर बसली आणि कडेला जाऊन उभी राहिली. सर्वांत शेवटी हार्लनने सॉरघमला त्या खणलेल्या खळग्यात आणले. खळगा पाहून त्याने काही विचारले नाही. त्याला कळले असावे, आणि कळले नाही असे दाखविणेच त्याला सोईचे असावे.

पहिल्या खेपेस त्याचा पाय रिकिबीपर्यंत पोहोचलाच नाही. त्याने हाताने विजारीचे कापड धरून आपलाच पाय उचलला, कोणा दुसऱ्याचा असावा तसा. दुसऱ्या खेपेस पाय रिकिबीत गेला, शरीर वर उठले, आणि अर्ध्यावर, पोटावर, खोगिराला आडवे लोंबकळले. सॉरघम एक पाऊल सरकला. हार्लन घसरत फळीवर आला आणि खोगिराला मिठी मारून उभा राहिला. त्याचा श्वास सर्वांना ऐकू येत होता.

कोणी पाहिले नाही. प्रत्येक जण आपापल्या घोड्याच्या कानांकडे पाहत होता. रॉइस आभाळाकडे पाहत होता, जणू त्या धुक्यात हवामान लिहिलेले आहे. घोडे फुरफुरू लागले, खुरांनी माती उकरू लागले, आणि स्वार त्यांना हलकेच थोपटून गप्प करू लागले.

तिसऱ्या खेपेस त्याचा गुडघाच उचलला गेला नाही.

“तुम्ही निघा,” हार्लन खोगिराकडे तोंड करून म्हणाला. “मी येतो मागनं.”

कोणीही हलले नाही. रॉइस अतिशय मायेने म्हणाला, “काही घाई नाही, हार्लन. झरा कुठं पळून जात नाही. आम्ही थांबलोय.”

वाचकहो, ते शब्द ऐकताच लिओटाच्या मनात जे स्वच्छ दिसले ते असे. जोवर हे सगळे थांबले आहेत, तोवर हा प्रयत्न करीतच राहणार. सोळा घोडे आणि सोळा माणसे आपल्यासाठी तिष्ठत असताना ‘मला जमत नाही’ असे म्हणणे त्याच्याच्याने या जन्मी होणार नाही. त्यांची माया त्याला त्या फळीवर खिळवून ठेवीत आहे. चौथ्या किंवा पाचव्या खेपेस तो थकून, चिडून, अंग झोकून देईल आणि कदाचित वर बसेलही. मग पुढे दगडांची वाट आहे, ओढा आहे, उतार आहे. सगळ्यांचे थांबणेच त्याला मारणार आहे, आणि थांबणारांपैकी एकालाही ते कळणार नाही.

तिने त्याच्या पावलांकडे पाहिले. दोन्ही पाय फळीवर होते. रिकीब रिकामी लोंबत होती. दोन्ही हात खोगिरावर होते आणि त्या हातांवर त्याने कपाळ टेकले होते.

तिने मॉडचे तोंड वाटेकडे वळविले.

“लिओटा,” रॉइस दबक्या आवाजात म्हणाला. चर्चमध्ये कोणी मध्येच उठले तर म्हणतात तसे.

तिने टाच मारली. मॉड अडली. रिवाज त्या घोडीलाही ठाऊक होता, आणि आपल्या धनिणीची काही चूक होत असावी असे वाटून तिने कान मागे फिरविले. लिओटाने पुन्हा टाच मारली. तेव्हा घोडी चालू लागली.

मागे सॉरघम खिंकाळला. ती खिंकाळी लिओटाच्या पाठीत घुसली. याच क्षणी त्याने पाय रिकिबीत घातला असेल तर? आपण पाहिले तेव्हा पाय फळीवर होते, पण आता? या रिवाजाचे कारण काय आहे ते तिला पुरते ठाऊक होते. काही आपटल्याचा आवाज येतो का, म्हणून तिने सगळा जीव कानांत आणला. धुक्यातून पाणी ठिबकण्याचा आवाज येत होता. मग एका घोड्याच्या टापा मागून येऊ लागल्या, मग दोघांच्या, आणि मग सगळ्यांच्या, कारण पुढचा घोडा निघाल्यावर मागच्या घोड्यांना आवरून धरणे कोणाच्याही हातात उरले नव्हते. तिने मान वळविली नाही.

ओढ्याशी रॉइसने तिला गाठले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तो खाली होता?” तिने विचारले.

“खाली होता. लगाम हातात होता, घोडा आवरला त्याने.”

“तू नीट बघितलंस?”

“बघितलं म्हणून तर निघालो. नाहीतर तुला ओढून परत नेली असती.” घोड्यांनी पाण्यात तोंडे घातली होती. “हा नियम मला त्यानेच शिकवला, लिओटा.”

“मलापण त्यानेच शिकवला,” ती म्हणाली.

शेवटच्या घोड्याचे पिऊन होईपर्यंत सगळे ओढ्यात उभे राहिले. मग फेरी पुढे निघाली. लिओटाच्या शेजारून कोणी चालेना. वाट चढणीची होती, ओकची पाने तांबूस झाली होती, आणि एरवी या ठिकाणी ती गात असे. आता खोगिराच्या मुठीला धरून ती केवळ बसून होती. तिला पश्चात्तापही होत नव्हता. पश्चात्तापालाही काही शक्ती लागते. तिला वाटत होते की ही घोडी अशीच चालत राहावी, कुठेही न पोहोचता, आणि आपल्याला कोणी काही विचारू नये.

झऱ्यापाशी उतरल्यावर जोनेल आपले खेचर घेऊन तिच्याजवळ आली. तिने खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढला, मध्ये तळलेल्या मांसाची चकती होती, त्याचे दोन तुकडे केले आणि एक पुढे केला.

“घे. रागावलेय मी तुझ्यावर, पण उपाशी मारण्याइतकी नाही.”

लिओटाने तो घेतला. दोघी दगडावर बसून खात राहिल्या. खाता खाता जोनेल म्हणाली की, आपला नवरा शेवटच्या वर्षी गाडी चालविण्याच्या अवस्थेत नसताना रोज सकाळी गाडीची किल्ली शोधायचा आणि आपणच लपवलेली ती आपण रोज त्याच्याबरोबर शोधायचो, सापडत नाही असे दाखवायचो. ते बरे केले की वाईट, अजून कळलेले नाही. लिओटाने विचारले, मग काय झाले. जोनेल म्हणाली की, काही नाही, तो शोधता शोधताच गेला. मग तिने हात झटकले आणि खेचराला शिवी देत त्याचा तंग आवळला.

दुपार कलल्यावर फेरी तळावर परत आली. हार्लन आपल्या खुर्चीत बसलेला होता. सॉरघम दोराला बांधलेला होता. खोगीर ओट्यावर उलटे पडले होते. घोड्याच्या पाठीवरून ते ओढून काढण्याइतके हार्लनला जमले होते, उचलून आणण्याइतके नाही. लिओटा त्याच्यासमोरून मॉडला घेऊन गेली. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. तिने घोडीचे खोगीर उतरविले, मग ओट्याकडे जाऊन ते दुसरे खोगीर उचलून आणले, आणि या सर्व वेळात तो शेकोटीतले एक जळके लाकूड काठीने ढोसत राहिला.

संध्याकाळी मेजाभोवती सगळे आपापल्या पानात पाहून जेवत होते. तेव्हा हार्लननेच तोंड उघडले.

“मंडळी, माझी बायको मला टपालपेटीसारखी रस्त्याच्या कडेला उभी करून निघून गेली. तुम्ही सगळ्यांनी बघितलंत.”

कोणाला हसावे की नाही ते कळेना. प्रथम जोनेल फिसकन हसली. मग हार्लनने तीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वेळी लिओटा चालत नव्हे, दुडक्या चालीने गेली. कोणी उशिरा येऊन बसले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा सांगितली. त्यात ती भरधाव गेली, धुळीने सॉरघमला शिंका आल्या, आणि मागे वळून तिने टोपी हलविली. ‘मी आता चढणारच होतो,’ असे तो प्रत्येक वेळी शेवटी म्हणे. आता सगळे पोट धरून हसत होते. रॉइस म्हणाला की, लिओटाने रिवाज मोडला आहे, सबब उद्यापासून तिने सर्वांच्या शेवटी चालावे. ती शिक्षा तिने मान्य केली. लोक हसत होते, तिच्या पानात वाढीत होते, आणि ती घेवडा चिवडीत सगळे ऐकून घेत होती. दोष आपल्या माथी येत आहे, त्याच्या माथी नाही, एवढे तिला पुरेसे होते.

ट्रेलरमध्ये शिरल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली. तिला बूट काढावयाचे होते, पण खाली वाकण्याचे त्राण नव्हते. हार्लन समोर उभा राहिला. मेजावरचा हशा त्याच्या चेहऱ्यावरून उतरला होता.

“तू मागं वळून पाहिलंस?” त्याने विचारले.

“नाही.”

“खरं सांग.”

“नाही पाहिलं. भीती वाटत होती.”

मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, तो तिच्या पायांशी खाली बसला आणि तिच्या बुटाच्या टाचेला हात घातला.

“मी बसलो,” तो म्हणाला. “शेवटचा घोडा झाडाआड गेल्या गेल्या मी त्या फळीवर बसलो. कोणी बघत असतं ना, लिओटा, तर मला बसता आलं नसतं.”

तिने त्याच्या विरळ केसांकडे पाहिले. बूट निघत नव्हता. तो ओढीत राहिला.

“उद्या छोटी फेरी आहे,” ती म्हणाली.

“हो. तुम्ही जा.” बूट एकदाचा निघाला. त्याने तो बाजूला ठेवला आणि दुसरा धरला. “माझ्यासाठी थांबायचं नाही, असं रॉइसला मी सकाळी सांगतो. मी सांगतो, तू नको सांगूस.”

ती हो म्हणाली की काय, ते त्याला नीट ऐकू आले नाही. दुसरा बूट अर्धा निघाला होता तोच लिओटाची मान एका अंगाला कलली, आणि बसल्या जागी तिला झोप लागली. हार्लनने तिला उठविले नाही. तो तसाच जमिनीवर, तिचा पाय मांडीवर घेऊन, बराच वेळ बसून राहिला.

येथे हा वृत्तान्त पुरा झाला. माझे शिक्षण यथातथाच आहे, तरी जे जाणले ते प्रामाणिकपणे आणि होईल तितक्या शुद्ध भाषेत मांडण्याचा मी यत्न केला आहे. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून एका थकलेल्या बाईची हकीकत शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
यशवंत धोंडिबा खुटवड